पेरूचा मुरंबा आणि चुकीचा नकाशा

1845 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ‘डेमोक्रॅटिक रिव्ह्यू’ मासिकात टेक्सासच्या विलीनीकरणावर एक निनावी लेख आला. संपादक होते जॉन ओ’सुलिव्हन. दरवर्षी लाखांनी वाढणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा सगळा खंड परमेश्वरानेच राखून ठेवलाय आणि तो व्यापणं हे आपलं उघड विधिलिखित आहे, असा लेखाचा सूर होता. ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ हे शब्द त्यातले. थोड्याच काळात ते पुढाऱ्यांच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत सर्रास दिसू लागले.

या कल्पनेचं चित्र पाहायचं तर लॉस एंजलिसच्या ऑट्री संग्रहालयात जावं. जॉन गास्टचं 1872 सालचं ‘अमेरिकन प्रोग्रेस’ तिथे आहे. उंचीला जेमतेम फूटभर. पांढऱ्या वस्त्रातली, कपाळावर तारा असलेली एक स्त्री पश्चिमेकडे तरंगत निघाली आहे. एका हातात शाळेचं पुस्तक, दुसऱ्यात तारायंत्राची तार. मागे आगगाड्या, नांगर, उजेड. पुढे अंधारात पळणारे मूळ रहिवासी आणि गवे. रेल्वेप्रवाशांसाठी मार्गदर्शिका छापणाऱ्या जॉर्ज क्रॉफटने ते काढून घेतलं होतं. मी त्यासमोर बराच वेळ उभा होतो. त्यात तोफ नाही, करारनामा नाही, नकाशा नाही. सगळं आपोआप घडत चाललंय. माझं वर्षानुवर्षांचं वाचन मला नेमकं उलट सांगत आलं आहे. या इतिहासात आपोआप असं काही नव्हतं. माणसांनी निर्णय घेतले आणि त्यातले कित्येक अगदी वेगळेही होऊ शकले असते.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. 1844 ची निवडणूक जिंकून जेम्स पोक राष्ट्राध्यक्ष झाले, 1845 मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झालं. टेक्सासची हद्द न्यूएसेस नदीपर्यंत की पार रिओ ग्रांदेपर्यंत, हा वाद होता. पोक यांनी वादग्रस्त पट्ट्यात फौज पाठवली, एप्रिल 1846 मध्ये चकमक झाली, मे महिन्यात युद्ध पुकारलं गेलं. जनरल विनफील्ड स्कॉट वेराक्रूझला उतरले आणि सप्टेंबर 1847 मध्ये मेक्सिको शहर पडलं. लढायांची वर्णनं ग्रंथोग्रंथी आहेत. मला ओढ आहे ती एका कारकुनाची.

निकोलस ट्रिस्ट हा परराष्ट्र खात्यातला मुख्य कारकून. थॉमस जेफरसन यांच्याकडे कायदा शिकलेला, त्यांच्याच नातीशी लग्न झालेला. हवानात वकिलातीचं काम केल्यामुळे स्पॅनिश चांगलं येणारा. पोक यांनी त्याला एप्रिल 1847 मध्ये तहाच्या वाटाघाटींसाठी फौजेबरोबर धाडलं. गेल्या गेल्या त्याचं आणि स्कॉट यांचं वाजलं. आपल्या डोक्यावर एक कारकून बसवला, याचा स्कॉटना राग. पुढे कित्येक आठवडे दोघं एकाच छावणीत राहून एकमेकांना लांबलचक, झोंबरी पत्रं लिहीत होते. मग पुएब्लात ट्रिस्ट आजारी पडला आणि स्कॉटनी त्याच्यासाठी पेरूच्या मुरंब्याची बरणी पाठवली. तेवढ्यावर अबोला सुटला आणि ते जन्माचे मित्र झाले. ही मैत्री नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

कारण ऑक्टोबरमध्ये पोक यांनी ट्रिस्टला परत बोलावलं. फौज जिंकत होती, तेव्हा आता जास्त मुलूख मागता येईल, अशी हवा वॉशिंग्टनमध्ये होती. अख्खा मेक्सिको गिळा, असं म्हणणारेही बरेच होते. नोव्हेंबरच्या मध्यावर हुकूम ट्रिस्टच्या हाती पडला. मेक्सिकोतलं नेमस्त सरकार तहाला तयार झालं होतं. आपण निघून गेलो तर ते कोसळेल, मग बोलायला समोर कुणी उरणार नाही आणि युद्धाला अंत राहणार नाही, हे त्याला दिसत होतं. स्कॉटनी राहण्याचा सल्ला दिला. जेम्स फ्रीनर नावाच्या युद्धवार्ताहरानेही तेच सांगितलं. 6 डिसेंबरला ट्रिस्टने आपल्या सरकारला पासष्ट पानांचं पत्र लिहून कळवलं, की मी येत नाही, मी तह करणार. नोकरीवरून काढलेल्या माणसाने दोन देशांची सरहद्द ठरवायला बसणं, याला जगाच्या राजनैतिक इतिहासात जोड सापडणं कठीण.

2 फेब्रुवारी 1848 रोजी मेक्सिको शहराजवळ ग्वादालुपे इदाल्गो इथे सह्या झाल्या. ग्वादालुपेच्या मातेचं हे तीर्थक्षेत्र. मेक्सिकोने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि त्यांमधला सगळा प्रदेश सोडला. मोबदला दीड कोटी डॉलर. नऊच दिवसांपूर्वी, 24 जानेवारीला, कॅलिफोर्नियात कोलोमा इथे सटरच्या गिरणीच्या पाटात सोनं सापडलं होतं. सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही त्याची खबर नव्हती. तो दिवस शरमेचा होता, मेक्सिकन प्रतिनिधींपेक्षा मला जास्त लाज वाटत होती, असं ट्रिस्टने नंतर घरच्यांना सांगितलं. त्याच्याबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी. हा लुटीचा तह आहे हे त्याला कळत होतं आणि यापेक्षा मोठी लूट टाळायचा हाच एक मार्ग उरलाय, हेही कळत होतं.

तह वॉशिंग्टनला पोचवला फ्रीनरनेच. पोक भयंकर संतापले. पण करायचं काय? कलमं त्यांनीच एप्रिलमध्ये दिलेल्या सूचनांबरहुकूम होती. ती नाकारली असती तर युद्धाला कंटाळलेल्या काँग्रेसने पैसा आणि माणसं रोखली असती. त्यांनी कागद सिनेटपुढे ठेवला आणि 10 मार्चला 38 विरुद्ध 14 मतांनी तो मंजूर झाला. ट्रिस्टला मात्र परत बोलावल्यानंतरच्या काळाचा पगार नाकारला गेला. पुढे त्याने रेल्वे कंपनीत नोकरी करून संसार ओढला. थकलेली रक्कम मिळायला 1871 साल उजाडलं. तीन वर्षांनी तो वारला.

आता माझा दुसरा आवडता विषय, नकाशा. तहाला जोडला होता जॉन डिस्टर्नेल यांनी 1847 मध्ये न्यूयॉर्कला छापलेला मेक्सिकोचा नकाशा. तो मुळात जुन्या नकाशांची नक्कल. त्यात एल पासो गाव खऱ्या जागेपेक्षा सुमारे 34 मैल उत्तरेला आणि रिओ ग्रांदे शंभराहून अधिक मैल पूर्वेला सरकलेली. आणि तहात न्यू मेक्सिकोची दक्षिण हद्द ‘एल पासोच्या उत्तरेला’ धरलेली! मोजणीदार जमिनीवर उतरले तेव्हा घोळ उघड झाला. नकाशावरची रेघ पाळायची की जमिनीवरचं गाव? अमेरिकेचे जॉन रसेल बार्टलेट आणि मेक्सिकोचे पेद्रो गार्सिया कोंदे यांनी तडजोड काढली, ती अमेरिकेत अनेकांना रुचली नाही. शेवटी दक्षिणेकडून रेल्वे नेण्यासाठीही ती जमीन हवीच होती, म्हणून 1853-54 मध्ये आणखी एक कोटी डॉलर मोजून मेसियाच्या खोऱ्यासह मोठा पट्टा विकत घेतला गेला. आजच्या अ‍ॅरिझोनाचा दक्षिण भाग त्यातच येतो.

इथे एक फाटा फोडायचा मोह आवरत नाही. जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी चालणार की नाही, या वादाने अमेरिका आतून चिरत गेली आणि 1861 मध्ये यादवी पेटली. त्या यादवीतून गुलामगिरी संपली. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. पुण्यात ती अर्पणपत्रिका वाचताना टेक्सास आठवणं मला तरी अपरिहार्य वाटतं.

एल पासोला मी भाचीकडे उतरलो होतो. तिच्या घरापासून चामिझालच्या स्मारकाला गाडीने सहज जाता येतं. रिओ ग्रांदे ही सरहद्द, पण नदीने एकोणिसाव्या शतकात पुरांमागून पुरांत पात्र दक्षिणेला सरकवलं आणि मेक्सिकोची सुमारे सहाशे एकर जमीन अमेरिकेच्या काठाला गेली. 1911 मध्ये लवादाने बहुतांश कौल मेक्सिकोच्या बाजूने दिला, तो अमेरिकेने मानला नाही. 1963 च्या करारानंतर भांडण मिटलं. तोवर त्या जमिनीवर वस्त्या झाल्या होत्या. पाच हजारांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली, त्यात मेक्सिकन वंशाचीच कुटुंबं जास्त. मग नदी पुन्हा हलू नये म्हणून तिला सिमेंटच्या पाटात घातलं गेलं. पुलावरून खाली पाहिलं तेव्हा पाटाच्या मधोमध पाण्याची बारीक धार होती. पलीकडे सिउदाद ह्वारेसची घरं इतकी जवळ, की वाळत घातलेले कपडे दिसत होते. भाचीच्या कार्यालयातले बरेचसे सहकारी रोज तिकडून येतात. सकाळी पुलावर लागणारी रांग तिला पाठ आहे आणि कोणत्या वाराला ती किती लांबते, हे ती मला बोट दाखवून सांगत होती.