सूर्यावरील उद्रेक : दोन साक्षीदार



गांवांत आग लागली, तर ती कोणत्या घरांत पेटली हें शेजारी सांगतो. धूर कोणीकडे गेला हें वेशीवरचा राखणदार सांगतो. दोघांची साक्ष जुळली म्हणजे हकीकत पुरी होते. सूर्यावरील उद्रेकांचा अभ्यासहि असाच दोन साक्षीदारांवर चालतो.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डाग रेखाटीत असतां त्यांना दोन शुभ्र, प्रखर तेजःपुंज दिसले आणि कांहीं मिनिटांत मावळले. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें, तारायंत्रें बिघडलीं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनें केलेली त्या वादळाची नोंद आजहि अभ्यासिली जाते. मात्र मधल्या तासांत काय घडलें, हें कळण्याचा मार्ग तेव्हां नव्हता.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश मुख्यतः सूर्याच्या पृष्ठभागाचा, सुमारें साडेपांच हजार अंश तपमानाच्या थराचा असतो. त्या झगमगाटांत बहुतेक ज्वाला लपून जातात. जांभळ्या रंगापलीकडील अतिनील किरणांत मात्र वरचे तप्त थर उजळून दिसतात. आग कोठें व केव्हां पेटली, हें अतिनील चित्र सांगतें.

बाहेर फेकलेल्या ढगांतील विद्युत्कण सूर्याचाच दृश्य प्रकाश विखुरतात. त्या तेजावरून ढगांत द्रव्य किती, आणि लागोपाठच्या चित्रांवरून त्याचा वेग किती, याचा अंदाज येतो. त्यासाठीं बिंब झांकावें लागतें. ग्रहणांत हें काम चंद्र करतो, दुर्बिणींत एक तबकडी.

अतिनील किरणांचा बराच भाग वातावरणांतील ओझोन शोषून घेतो. म्हणून हे वेध अवकाशांतूनच घ्यावे लागतात. २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेलें भारताचें आदित्य-एल१ हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर आपल्या स्थानीं पोंचलें. त्यावरील ‘सूट’ ही पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या पुढाकारानें घडलेली अतिनील दुर्बीण. ‘व्हेल्क’ ही बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची, बिंब झांकून पाहणारी. २२ फेब्रुवारी २०२४ ची प्रचंड ज्वाला ‘सूट’नें टिपली.

याची गरज काय? १३ मार्च १९८९ रोजीं अशा वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांत सुमारें नऊ तास विजेवांचून राहिला. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत येतो. ढगाला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. तेवढीच आपली सवड. परंतु आपल्याकडे निघालेला ढग आणि सूर्यापलीकडे निघालेला ढग झांकलेल्या बिंबाभोंवतीं सारखेच कडें करून दिसतात. त्याच वेळीं बिंबाच्या आपल्याकडील बाजूस ज्वाला उसळली असेल, तर ढग आपल्याच वाटेवर आहे असें समजून सावध व्हावें.

राखणदारानें धूर पाहिला. घर कोणतें, हें शेजाऱ्यालाच विचारलें पाहिजे.