माणूस घारीसारखा तरंगतो

चैत्र-वैशाखातली दुपार आहे. जुळे सोलापुरातल्या एखाद्या गच्चीवरून वर पाहा. एखादी घार आभाळात गोल गोल फिरताना दिसेल. तिचे पंख पसरलेले आहेत, पण ती ते हलवत नाही. तरी वर वर चालली आहे. असं कसं होतं?

तिला खालून हवा उचलते. ऊन पडलं की जमीन तापते. पण सगळी सारखी तापत नाही. नांगरून टाकलेलं काळं रान लवकर तापतं. शेजारचा पाणी दिलेला ऊस गारच राहतो. तापलेल्या रानावरची हवा हलकी होते आणि वर चढू लागते. वावटळ उठते तीही अशाच तापलेल्या हवेने. वावटळीत धूळ आणि पाचोळा असतो, म्हणून ती दिसते. बाकीची चढती हवा डोळ्यांना दिसत नाही. घारीला मात्र ती कळते. ती त्या हवेतच घिरट्या घालत राहते.

हेच आता माणसंही करतात. या खेळाला पॅराग्लायडिंग म्हणतात. त्यासाठी विमान लागत नाही आणि इंजिनही लागत नाही. लागते ती कापडाची मोठी छत्री. कापडाची गोष्ट सोलापूरकरांना काय सांगायची! पण हे कापड आपल्या चादरीसारखं जाड नसतं. ते नायलॉनचं, पातळ आणि वारा न झिरपणारं असतं. ते शिवून लांब लांब खण केलेले असतात. खणांची तोंडं पुढच्या बाजूला उघडी असतात. तोंडातून वारा आत भरला की कापड फुगतं आणि पक्ष्याच्या पंखासारखा आकार घेतं. एका माणसाच्या छत्रीचं वजन सुमारे ५ किलो भरतं. खाली बारीक दोऱ्या असतात, आणि त्या दोऱ्यांना पट्ट्यांची खुर्ची लावलेली असते. दोन्ही हातांत एक-एक दोरी येते. उजवी ओढली की उजवीकडे वळायचं, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही ओढल्या की वेग कमी होतो. हवेत असताना त्या फार ओढल्या तर मात्र छत्री तरंगायचीच थांबते आणि कोसळते.

या खेळाची मोठी सुरुवात १९७८ साली फ्रान्स देशातल्या मियूसी गावी झाली. विमानातून पॅराशूटने उड्या मारणारे तिघे जण होते. दर वेळी विमानाचं भाडं कुठून आणायचं? म्हणून ते डोंगराच्या उतारावरून धावत निघाले आणि तरंगत खाली आले. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातलं कामशेत त्यासाठी प्रसिद्ध आहे. पाचगणीलाही लोक उडतात. हिमाचल प्रदेशातल्या बीड-बिलिंगला तर २०१५ साली जगभरचे वैमानिक स्पर्धेसाठी आले होते. आपला सोलापूरचा मुलूख सपाट. उडी घ्यायला डोंगर जवळ नाही. म्हणून इथल्या माणसाला कामशेतलाच जावं लागतं.

आता कुणी म्हणेल, छत्री फुगवली आणि उडी मारली, त्यात शिकायचं ते काय? शिकायचं पुष्कळ आहे. पहिल्यांदा कुणी आभाळात जात नाही. सपाट मैदानावर छत्री पसरायची, वाऱ्याकडे तोंड करायचं, ती डोक्यावर उभी करायची आणि तशीच धरून ठेवायची. हे पतंगापेक्षा अवघड आहे, कारण हा पतंग माणसालाच ओढतो. वीस-वीस वर्षं उडणारी माणसंही हा मैदानावरचा सराव सोडत नाहीत. पहिलवान म्हातारा झाला तरी जोर-बैठका काढतो, तसंच हे.

मग वारा वाचायला शिकायचं. उफणणी करणाऱ्याला वारा कळतो. कुठून येतो, कधी पडतो, हे तो अंगावरून ओळखतो. इथेही तेच. छत्रीचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर असतो. समोरचा वारा त्याहून जास्त असला तर छत्री पुढे न जाता मागे ढकलली जाते. शांत हवेत ती दर सेकंदाला सुमारे १ मीटर खाली येते. हवा सेकंदाला ३ मीटर वर चढत असली, तर माणूस २ मीटर वर जातो. वजाबाकी सोपी आहे. ती हवा सापडणं सोपं नाही! शिवाय भर दुपारची हवा फार उसळते, छत्रीची एक बाजू मिटू शकते. म्हणून नवशिक्याने सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात उडायचं. डोक्याला शिरस्त्राण आणि पाठीशी राखीव पॅराशूट हवंच.

हे सगळं एकट्याने होत नाही. आधी एक अनुभवी माणूस उडतो आणि बाकीचे खालून पाहतात. तो वर चढला तर तिथे चढती हवा आहे. तो हेलकावे खाऊ लागला तर थांबायचं. 'आज वारा बरा नाही, बांध छत्री' असं सांगणारा सोबती सगळ्यांत मोलाचा, असं मला वाटतं. त्याचा राग येतो, पण हाडं शाबूत राहतात.

हवेत रस्ते नसले तरी नियम आहेत. एकाने ज्या बाजूने घिरट्या सुरू केल्या, त्याच बाजूने मागून येणाऱ्यांनीही फिरायचं. डोंगराच्या कडेने दोघे समोरासमोर आले, तर डोंगर ज्याच्या उजव्या हाताला असेल त्याने सरळ जायचं. दुसऱ्याने आपल्या उजवीकडे वळून वाट द्यायची. पहिल्याला उजवीकडे वळायला जागाच नसते ना!

२०१६ सालच्या ऑक्टोबरात ब्राझील देशात तिघे जण तासिमा गावाहून उडाले. ते एकमेकांपासून थोडे अंतर ठेवून चालले होते. एकाला चढती हवा सापडली की बाकीचे दोघे तिकडे वळत. असे ते ५६४ किलोमीटर गेले आणि एकत्रच उतरले. सोलापूरहून मुंबई रेल्वेने साडेचारशे किलोमीटर आहे. म्हणजे त्याहूनही शंभर जास्त! त्यानंतर याहून लांबची उड्डाणं झाली आहेत.

उतरल्यावर वैमानिक वही काढतात. तारीख, जागा, वारा कसा होता, काय चुकलं, हे सगळं लिहून ठेवतात. मग वह्या एकमेकांना दाखवतात. कुणाची पहिली वही चालू असते, कुणाची सातवी. लिहिता-वाचता येण्याचा हाही एक उपयोग आहे.

हे पाहायची इच्छा असेल तर सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जावं. तिथून लोणावळ्याकडे जाणारी लोकल कामशेतला थांबते. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, तेव्हा उड्डाणं बंद असतात. दिवाळीनंतर जा. वारा ठीक असेल तर उतरत्या उन्हात डोंगरावर रंगीत छत्र्या दिसतील.