गाडी राहिली, कागद गेले

खासगी मोटारसायकल संग्रहालय बंद पडले की हळहळ ठरलेल्या चालीवर निघते. नव्या पिढीला यंत्राची आवड उरली नाही, जागेचे भाडे परवडत नाही, तिकीट काढून जुनी लोखंडे बघायला येतो कोण? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ॲनामोसा नावाच्या लहानशा गावातले नॅशनल मोटरसायकल म्युझियम २०२३च्या सप्टेंबरात बंद झाले, तेव्हाही हेच सूर ऐकू आले. १९८९मध्ये साउथ डकोटातल्या स्टर्गिसला सुरू झालेले आणि २००१मध्ये ॲनामोसाला हलवलेले हे संग्रहालय जॉन पारहॅम या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याच्या बळावर उभे होते. तो २०१७मध्ये वारला. सहा वर्षांनी दारे मिटली आणि लगोलग तीनशेच्या वर मोटारसायकली लिलावात निघाल्या. त्याआधी २०१९मध्ये लंडनच्या ग्रीनफर्ड भागातले ट्रायम्फ गाड्यांसाठी नावाजलेले संग्रहालय बंद झाले. तिथे भाड्याचा प्रश्न होता. इटलीत पेसारो इथे जियानकार्लो मोर्बिदेल्ली या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या उद्योजकाने थोरला संग्रह जमवला होता. २०२०मध्ये तो गेला आणि त्याच वर्षी त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर लिलावाचा हातोडा पडला. कारणे तीन ठिकाणी तीन दिसतात, पण तिन्ही संग्रहांचा कणा एकेकच माणूस होता. संग्रहालयाची पाटी, विश्वस्त, तिकीटखिडकी हे सगळे त्याच्याभोवती उभे होते. तो बाजूला झाला की संग्रहाची पुन्हा मालमत्ता होते आणि मालमत्तेच्या वाटण्या होतात. त्यामुळे आवड संपली म्हणून संग्रहालये संपतात, हे निदान मला पटत नाही. संग्राहक गाड्या जमवतो. गाडीची ओळख टिकवणारे कागद आणि संग्रह पुढे चालवणारी कायदेशीर व्यवस्था यांकडे तो वेळेत बघत नाही. खरी गळती तिथे आहे.

यावर जाणकारांचा एक आवडता आक्षेप आहे. लिलावात गेलेली गाडी मरत नाही, ती दुसऱ्या हौशी माणसाच्या घरी जाते, आणि दोरीमागे धूळ खाण्यापेक्षा रस्त्यावर धावणे केव्हाही चांगले. यात तथ्य आहे आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशात आहे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६मध्ये थांबला. तरीही जावा आणि येझदी धावत राहिल्या, त्या कोणत्याही संग्रहालयामुळे नव्हे. पुणे, मुंबई, बंगळुरूच्या मालकांनी मंडळे काढली, एकमेकांना पिस्टन-रिंगा पुरवल्या, जुलैच्या दुसऱ्या रविवारी गाड्या रस्त्यावर काढण्याचा शिरस्ता पाडला. पण जावाला हे भाग्य लाभले ते तिच्यामागे लोक होते म्हणून. बाजार ज्याला जपतो ते दुर्मीळ आणि चकचकीत असते; ज्याला भाव नाही त्याच्याकडे तो बघतही नाही. शिवाय लिलावात गाडीला क्रमांक मिळतो. तिच्याबरोबर आलेली पत्रे, दुरुस्तीची वही, सुट्या भागांची यादी वेगळ्या गठ्ठ्यात जाते किंवा कुठेच जात नाही. एकाच कारखान्याच्या ओळीने ठेवलेल्या पाच गाड्यांमधून इंजिनात काय बदलत गेले ते डोळ्यांना दिसते. त्या पाच गाड्या पाच गावी गेल्या की ते दिसणे संपते.

कागदांचे वजन किती, हे बर्मिंगहॅमजवळच्या ब्रिटिश मोटारसायकल संग्रहालयाच्या आगीने दाखवले. १६ सप्टेंबर २००३ रोजी तिथे सुमारे ३८० गाड्या भस्मसात झाल्या. वाचणाऱ्याला वाटावे, इथेच कथा संपली. पण डिसेंबर २००४मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले आणि ज्यांचे केवळ काळे सांगाडे उरले होते अशा अनेक गाड्या पुन्हा चाकांवर उभ्या राहिल्या. पैसा होता हे खरे, पण नुसत्या पैशाने १९३०च्या दशकातली गाडी बनत नाही. त्या देशात जुन्या कारखान्यांच्या रवानगीच्या नोंदवह्या हौशी संस्थांनी सांभाळल्या आहेत. चासी क्रमांक कळवला की गाडी कारखान्यातून कधी निघाली आणि कोणत्या विक्रेत्याकडे गेली ते कळते. आराखडे आहेत, भागांच्या याद्या आहेत आणि ते भाग घडवणारे हात आहेत. थोडक्यात, आगीत गाड्या गेल्या, कागद उरले, म्हणून गाड्या परत आल्या. ॲनामोसात एकही गाडी जळली नाही, तरी संग्रह परत येणार नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत शिकवायला परदेशी उदाहरण लागू नये. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवायला सुरुवात केली आणि वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा तो संग्रह हयातीतच राज्य शासनाच्या हवाली केला. आज राजा केळकर संग्रहालय उभे आहे ते या एका निर्णयामुळे. केळकरांची रसिकता मोठी होतीच, पण रसिकतेच्या जोरावर इतर किती संग्रह टिकले ते जुन्या बाजारात फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. हरियाणात तावडू इथले २०१३मध्ये उघडलेले वाहन-संग्रहालयही आधी न्यास, मग इमारत, या क्रमाने झाले. पुण्यात पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे तीन मजली संग्रहालय २०१७पासून चालवले आहे आणि त्यात सायकलींइतकेच महत्त्व पंप, दिवे, घंट्या, पॅचची हत्यारे यांना आहे, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

मग सगळे शासनानेच घ्यावे, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा मार्कंड्याला यावे. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जिथे उत्तरवाहिनी होते तिथला हा देवळांचा समूह केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याहून मोठे छत्र आपल्या देशात नाही. तरी मुख्य देवळाचे जतनकाम वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्यांनी ते बघितले. म्हणजे छत्र असूनही पाऊस लागतोच. पण मार्कंड्याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. अठराव्या शतकात वीज पडून इथले शिखर कोसळले. पुढे १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम आला, त्याने देवळे मोजली, नोंदली आणि अहवालात छापली. आज कोणते देऊळ उभे आहे, कोणते ढासळले, काय हरवले, हे आपण सांगू शकतो ते त्या नोंदीमुळे. दगडाचेही रक्षण आधी कागदावर झाले. खात्याचे काम लांबेल, निधी अडेल, अधिकारी बदलतील. नोंद असेल तर पुढचा माणूस काम हाती घेऊ शकतो.

यंत्रांच्या बाबतीत तर शासनाचा कायदाच लागू होत नाही. १९७२चा पुरावस्तू कायदा वस्तू शंभर वर्षांची झाल्याशिवाय तिच्याकडे वळत नाही. हस्तलिखितांना तेवढी पंचाहत्तरची सवलत. मद्रासला बुलेट जुळवायला सुरुवात झाली १९५५मध्ये. म्हणजे स्वतंत्र भारतातली ती आद्य गाडी कायद्याच्या नजरेत यायला २०५५ उजाडेल आणि राजदूतला त्याहून उशीर. २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, दुचाक्याही तिच्यात घेतल्या, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे दिली. हेतू चांगला. पण पहिल्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, आणि एवढे भरून गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच काढायची. विलायती गाडीच्या मालकाला २० हजार जड नाहीत. चामोर्शीच्या माणसाच्या अंगणातल्या राजदूतची किंमत कित्येकदा तेवढी होत नाही. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणती गाडी होती हे त्यावरून कळते.

तीच गाडी जवळपास सगळ्या संग्राहकांच्या डोळ्यांपुढे असते. महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या बीएसए आणि नॉर्टन, संस्थानिकांच्या साइडकार, यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. ती यादी मी इथे गिरवत नाही. माझा पक्ष वेगळा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही: चंद्रपूर-गडचिरोलीचा दुचाकी इतिहास राजदूत, लूना आणि बजाज एम-८० यांचा आहे. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली १७५ सीसीची राजदूत १९६०च्या दशकात एस्कॉर्ट्सने काढली. तिला वेग नव्हता, आवाज कर्कश, धूर भरपूर. पण इंजिन असे की पाना, स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लग घासायला कापडाचा तुकडा एवढ्यावर जंगलात उभी गाडी पुन्हा सुरू करता यावी. ज्या गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, जिथे रेल्वे फक्त वडसा-देसाईगंजला शिवते, तिथे हा गुण चकाकीपेक्षा मोठा होता. तेंदूपत्त्याच्या हंगामात फडीवरून फडीवर जाणारा मुन्शी, टोल्या-टोल्यावरचा मास्तर, ग्रामसेवक, दूधवाला यांच्या कामाला हीच जात लागली. लूना तर आपल्याच राज्यातली. १९७२मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने ५० सीसीची ही पेडलची गाडी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून घेतली आणि अहमदनगरच्या कारखान्यात बनवली. पेट्रोल संपले तर पेडल मारत जा, नाला आडवा आला तर दोघांनी उचला, पर्लकोटा नदीला पूर असेल तर डोंग्यात घाला. पुढच्या मोकळ्या जागेत धानाचे पोते. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षी परवाना मिळे, त्यामुळे पोरांचीही सोय झाली. एम-८० आली १९८६मध्ये. तिला गिअर होते, ओझे ओढण्याची ताकद लूनापेक्षा जास्त होती. या तीन गाड्यांनी इथे जे केले ते एकाही नॉर्टनने केले नाही.

‘लूना बघायला तिकीट काढून कोण येईल?’ असे शहरातले काही तज्ज्ञ विचारतात. प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात एक गृहीत दडले आहे की संग्रह म्हणजे बघण्याची वस्तू. अडकित्त्यालाही कोणी तिकीट काढले नसते. केळकरांनी शेकडो अडकित्ते एकत्र ठेवले आणि त्यांतून घरगुती जगणे दिसू लागले, तेव्हा लोक आले. दुसरे असे की सर्वांत सामान्य वस्तू सर्वांत आधी नाहीशी होते, कारण ती जपावी असे कोणालाच वाटत नाही. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया एकेकाळी गल्लोगल्ली होती. आज मूळ रंगातली, मूळ आरसी बुकासह एखादी शोधायला निघा. ‘पुनर्बांधणी’ची जी हौस सध्या बोकाळली आहे तिने आणखी बिघडवले. गाडी खरवडून, नव्याने क्रोम चढवून, मालकाचे नाव रंगवून घेतले की ती छायाचित्रात छान दिसते. पण टाकीवर पोत्याने घासलेला पट्टा, वेल्डिंगने जोडलेले कॅरिअर, स्थानिक लोहाराने केलेला फूटरेस्ट हे सगळे पुसले जाते. तीच तर त्या गाडीची कागदपत्रे होती.

आता वेळ कमी आहे. टू-स्ट्रोक इंजिन कानाने जुळवणारे मिस्त्री म्हातारे झाले आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळले, ते साहजिकच आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले; जुन्या कार्बोरेटरच्या रबरी वायसरांना ते मानवत नाही. भंगारवाला किलोवर घेतो, आणि आरसी बुक कोणाच्या तरी चुलीत जाते. गडचिरोलीत राजदूतचे संग्रहालय उभे राहणार नाही आणि राहावे असा माझा आग्रहही नाही. उभे राहिले तर तेही एका माणसाचे असेल आणि त्याच्याबरोबर संपेल. आग्रह नोंदीचा आहे. तालुक्याच्या वाचनालयात एक जाड वही पुरे. कनिंगहॅमने देवळांची नोंद केली, तशी कोणी महाविद्यालयीन मुलांनी गाड्यांची करावी: चासी आणि इंजिन क्रमांक, पहिला मालक, विक्रेता, किंमत, काय काम केले, कोणत्या मिस्त्रीने काय बदलले, आणि एक छायाचित्र न धुतलेल्या गाडीचे. जिल्हा १९८२चा, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांची नोंदणी चंद्रपूरकडे सापडेल, हेही लिहून ठेवावे.

हा अंक हातात असताना दिवाळीची साफसफाई चालू असेल. मागच्या पडवीत लूना उभी असेल आणि ती द्यायचीच असे घरात ठरले असेल, तर जरूर द्या. पण आरसी बुक, विम्याचे जुने कागद आणि सर्व्हिसचे पुस्तक काढून ठेवा, चासीचा क्रमांक उतरवून घ्या, आणि ती गाडी घरी कोणी, कशासाठी आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना याच सुट्टीत विचारून लिहून काढा.