खोगीर उतरवताना

माझदाची एमएक्स-५ ही दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. लांबी चार मीटरच्या आत, वजन एक टनाच्या आत. ती घडवणाऱ्या जपानी अभियंत्यांच्या मनात ‘जिन्बा इत्ताई’ ही कल्पना होती: घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत. आता घोडा आणि स्वार यांच्यामध्ये काय असतं? खोगीर. म्हणून या गाडीची सीट काढणं-बसवणं मी किरकोळ काम मानत नाही. गाडीचं मागचं चाक घसरायला लागलं तर त्याची पहिली खबर सीटमधूनच कमरेला मिळते.

इथे सांगतो ते पहिल्या पिढीच्या, म्हणजे १९९७पर्यंत बनलेल्या गाडीबद्दल. हिच्या सीटमध्ये एअरबॅग नाही. २००५मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून सीटच्या कुशीत एअरबॅग असते. तिथे आधी बॅटरीची ऋण तार काढायची, काही मिनिटं थांबायचं, मगच सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा. त्या तारांना मल्टिमीटर कधीही लावू नये, आणि सीट बाहेर असताना किल्ली फिरवू नये.

कामाला लागण्यापूर्वी टप मागे दुमडून घ्यावा. सीट वरच्या बाजूने उचलून काढता येते हा या गाडीचा मोठा सोयीचा भाग. दाराच्या उंबऱ्यावर जुनी गोधडी किंवा जाड चादर अंथरा, कारण खालच्या रुळांच्या कडा धारदार असतात आणि रंगावर एकदा ओरखडा उठला की तो कायमचा. हातमोजे घाला.

सीट चार बोल्टांवर बसलेली असते, दोन पुढे, दोन मागे. १४चा सॉकेट, लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट एवढं पुरतं. सीट पूर्ण पुढे सरकवली की मागचे दोन बोल्ट उघडे पडतात, पूर्ण मागे नेली की पुढचे दोन. मी मागचे आधी काढतो. शेवटचे दोन पुढचे राहिले की दार उघडं ठेवून, बाहेर गुडघे टेकून आरामात काम करता येतं.

बोल्ट जाम असेल तर मात्र घाई नको. तीस-पस्तीस वर्षांच्या गाडीत गालिच्याखाली पाणी मुरलेलं असतं, आणि बोल्टांना गंज धरलेला असतो. गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबा. गंजाची पकड तिथे मोडली की मग सोडवा. जोराचे हिसके दिले तर डोकं तुटतं, किंवा फरशीच्या पत्र्याला खाली वेल्ड केलेला नट सुटून बोल्टाबरोबर फिरू लागतो. तसं झालं की पाच मिनिटांचं काम गाडी उचलून खालून करण्यावर येतं.

चारही बोल्ट निघाले तरी सीट लगेच उचलू नका. ती मागे कलती करून खाली बघा. पट्ट्याचं बकल सीटलाच जोडलेलं असतं, आणि त्याची तार खाली असू शकते. काही गाड्यांत डोक्याच्या टेकूत स्पीकर असतात, त्यांचीही तार असते. क्लिप दाबून कनेक्टर सोडवा. तार ओढून नव्हे. मग पाठ वाकवून नव्हे तर गुडघ्यांवर जोर घेऊन सीट सरळ वर उचला. एक सूचना: सीट बाहेर असताना पुढे-मागे सरकवायचा दांडा ओढू नका. दोन्ही रूळ वेगवेगळे सरकतात, आणि बसवताना भोकं जुळत नाहीत.

आता मोकळी जमीन दिसते. इथे थांबून बघण्यासारखं बरंच असतं. टपावरचं पाणी वाहून जायला सीटच्या मागे, दोन्ही बाजूंना नळ्या आहेत. त्यात पानं अडकली की पाणी आत उतरतं आणि उंबऱ्याच्या पोकळीत साचून पत्रा आतून खातं. माझ्या मते या गाडीचा खरा शत्रू हाच. गालिचा उचलून हाताने चाचपा, ओल लागली तर नळ्या मऊ तारेने हळूच मोकळ्या करा. रुळांवरचं जुनं, माती मिसळून घट्ट झालेलं ग्रीस पुसून काढा आणि नवं अगदी पातळ लावा.

उंच माणसांची अडचण याच वेळी सुटते. त्यांची नजर काचेच्या वरच्या चौकटीला भिडते. खोगीरभरती हा शब्द आपण वाईट अर्थाने वापरतो, पण इथे ती खरोखरच कमी करावी लागते. बैठकीचं कापड धरणाऱ्या तारेच्या कड्या सोडवून आतला फोम काढायचा आणि खालच्या बाजूने थोडा-थोडा कापायचा. वरचा आकार तसाच राहतो आणि माणूस एखादा इंच खाली बसतो. एकदम जास्त कापू नका, कापलेला फोम परत जोडता येत नाही.

कोणी दुसऱ्या बनावटीची बकेट सीट बसवणार असेल तर रुंदी आधी मोजा. मधला बोगदा आणि दार यांच्यामध्ये जागा फार कमी आहे. तिची भोकंही सहसा जुळत नाहीत, म्हणून योग्य ब्रॅकेट लागतो, आणि मूळ सीटवरचं बकल भक्कम जागी हलवावं लागतं. घरी छिद्रं पाडून पातळ पट्टीवर सीट टेकवणं मला मुळीच मान्य नाही.

परत बसवताना चारही बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. आधी कनेक्टर जोडा. मग प्रत्येक बोल्ट बोटांनी दोन-तीन फेरे लावा, पाना लावायचाच नाही. बोटांनी फिरत नसेल तर आटा आडवा चढतोय. काढा, सरळ करा, पुन्हा लावा. चारही लागल्यावरच हळूहळू, आळीपाळीने आवळा. शेवटचा ताण टॉर्क रेंचने द्यावा. तो ४०-५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या वर्षाच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघूनच.

मग सीटवर बसा. दांडा ओढून सीट पुढे-मागे न्या आणि प्रत्येक थांब्यावर दोन्ही रुळांचा खटका लागल्याची ‘टक्’ ऐका. पाय फरशीला टेकवून पाठीने जोरात मागे रेटा. पट्टा लावा, झटका देऊन ओढा. काही हललं नाही तर टप तसाच मागे ठेवून एक फेरी मारून या. परत आल्यावर बोल्ट एकदा पुन्हा तपासा.