राईची ओटी

भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धे, राई व मोर्वा ही गावे एकापाठोपाठ लागतात. मेट्रोच्या नवव्या मार्गाची कारशेड आपल्या जमिनीवर येते असे दिसताच या ग्रामस्थांनी एकजुटीने विरोध केला, व अखेर सरकारास डोंगरीकडे वळावे लागले. जमीन राखण्याची हिंमत ज्या गावापाशी आहे, तेथील घरांच्या ओट्या मात्र एकेक करून नाहीशा होत आहेत, आणि त्याबद्दल कोठे सभा भरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ओटी ती काय, असे आमचे काही विद्वान मित्र विचारतील. त्यांस आमचे उत्तर असे की, शहराचा स्वभाव टाऊनहॉलाच्या घुमटापेक्षा दारापुढच्या पायरीवरून अधिक कळतो. रस्त्याहून दोनतीन पायऱ्या उंच, वर उतरती कौले, पुढे लाकडी खांब व बसण्याजोगा कठडा, एवढाच ओटीचा थाट. तिच्या सावलीने भिंत तापत नाही व पावसाची झड दारापर्यंत पोचत नाही. पण तिचा खरा उपयोग निराळाच. ती धड घरात नाही नि धड रस्त्यावरही नाही. पाहुणा तेथे टेके, मिठागराचा हिशेब तेथे मिटे, भांडणही पुष्कळदा तेथेच आटपे, आणि म्हातारी आजी तेथून साऱ्या आळीवर नजर ठेवी. रस्त्याची राखण पोलिसांच्या आधी शेजाऱ्यांचे डोळे करतात, हे न्यूयॉर्कच्या जेन जेकब्स या विदुषीने १९६१ साली ग्रंथ लिहून जगास पटविले. आमच्या आगरी आजीस ते ग्रंथावाचून ठाऊक होते.

१९९१ साली मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. २०११ च्या शिरगणतीत ती ८,०९,३७८ भरली. एवढ्या माणसांस घरे हवीतच. राईतील घरमालकासही आम्ही दोष देणार नाही. कुटुंब वाढते, कौले दरसाल पावसापूर्वी चाळावी लागतात, आणि ते काम जाणणारा गडी मिळत नाही. मग तो स्लॅब घालतो, ओटी भिंतीआड घेऊन एक खोली वाढवितो. एका घराने काही बिघडत नाही. दहा घरांनी तेच केले की आळीकडे पाहणारे कोणी उरत नाही.

गावठाणाची हद्द ठरविण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १२२ व्या कलमात आहे. पण हद्द राखली म्हणजे गाव राखले असे नव्हे. मुंबईत १९९५ साली वारसा-वास्तूंसाठी नियम झाले. राईची ओटी ही काही सरदाराचा वाडा नव्हे की तिला तसा मान सहज मिळावा. म्हणून २००२ पासून नांदणाऱ्या महानगरपालिकेने उरलेल्या ओट्यांची मोजमापांसह नोंदवही करावी, आणि गावठाणातील पुनर्बांधणीत रस्त्याकडील उघडी ओटी चटईक्षेत्रात धरली जाणार नाही, असे सरकारकडून स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. उद्या कोणी तीच ओटी बंद करून दुकान थाटील, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तसे झाल्यास सवलत काढून घ्यावी व दंडही करावा. अटीवर दिलेले अटभंग होताच परत घेणे कायद्यास नवे नाही. राईकरांनी ही मागणी कारशेडच्या वेळच्याच आवाजात मांडावी.