गोंगाट शमविणारा हेडफोन

परीक्षा जवळ आली की पंख्याची घरघर आणि रस्त्यावरील मोटारींचा गोंगाट आम्हांस अधिकच जाणवू लागतो. मग गोंगाट शमविणारा बिनतारी हेडफोन हवा, असा हट्ट आम्ही वडिलांपाशी धरतो. परंतु आवाजाने आवाज शमतो कसा?

ध्वनी म्हणजे हवेतील लहरी. हेडफोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो व यंत्र त्याच्या नेमकी उलट लहर निर्माण करते. एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा आला की दोन्ही विरतात. पॉल ल्यूग या जर्मन संशोधकास या कल्पनेचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले.

मात्र ही युक्ती सलग, खर्जातील घरघरीवरच उत्तम चालते. माणसांचे बोलणे किंवा अवचित वाजलेली शिट्टी अडविण्याचे काम बहुतांशी कानाभोवतीच्या गादीचे. म्हणून घेण्यापूर्वी हेडफोन काही वेळ डोक्यावर चढवून पाहावा. चष्म्याच्या काडीपाशी फट राहते काय, वजन जाचते काय, हे तपासावे. गाद्या बदलून मिळतात काय, बॅटरी संपल्यावर तो तारेने चालतो काय, हे दुकानदारास विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. गोंगाट शमला म्हणजे हळू लावलेले गाणेही स्पष्ट ऐकू येते; हाच या साधनाचा खरा लाभ. रस्त्याने जाताना मात्र ते उतरवून ठेवावे. कानातील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. परीक्षा दरवर्षी येईल. कान मात्र जन्मभर पुरवावयाचे आहेत.