जेटीवर तपासणीला येणाऱ्या साहेबांनी खलाशाला काय विचारावं?



३१ जुलैला बंदी संपते, बोटी सुटायला लागतात आणि जेटीवर तपासण्याही सुरू होतात. मत्स्य खात्याची माणसं लायसन्स बघतात, जाळी बघतात, डिझेलचे कागद बघतात. किनारी पोलीस खलाशांची ओळखपत्रं तपासतात. २६/११ नंतर ही तपासणी कडक झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण तिच्यात एकच प्रश्न असतो, हा माणूस कोण? तो बोटीवर आपल्या मर्जीने आहे का, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

वेठबिगारी म्हटलं की आपल्याला वीटभट्टी आठवते, कोळशाची भट्टी आठवते. बोट आठवत नाही. म्हणून आधी थायलंडची गोष्ट सांगतो. तिथेही आपल्यासारखाच ट्रॉलरचा धंदा, आणि खलाशी बाहेरून आलेले, म्यानमारचे आणि कंबोडियाचे. २०१५ च्या अहवालात थाई सरकारने सांगितलं की मासेमारीतल्या ४,७४,३३४ कामगारांची तपासणी झाली आणि सक्तीच्या मजुरीचं एकही प्रकरण सापडलं नाही. एकही नाही! त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी इंडोनेशियातल्या बेंजिना बेटावरची गोष्ट छापली. तिथे थाई तांडेलांच्या बोटींवर राबवलेली माणसं होती, काही तर पिंजऱ्यात कोंडलेली. बातमी बाहेर आल्यावर दोन हजारांहून जास्त माणसं सुटली.

आता कोणी म्हणेल, त्या बोटी परदेशातल्या पाण्यात होत्या, थायलंडच्या बंदरातल्या साहेबाला त्या कशा दिसणार? बरोबर आहे. पण बंदरात येणाऱ्या बोटींचं काय? त्यांच्यासाठी थायलंडने खास तपासणी केंद्रं उघडली होती. ह्युमन राइट्स वॉचने २०१८ च्या अहवालात लिहिलं की तिथले अधिकारी कागद बघतात, तांडेलाशी आणि मालकाशी बोलतात, खलाशांशी मात्र क्वचितच. म्हणजे साहेब बोटीवर आले, सही करून गेले, आणि ज्याला विचारायचं तो पाच हातांवर जाळं ओढत उभा होता.

सरकारी माणसाला प्रशिक्षण द्यायचं ते एवढ्यासाठीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत. त्यातल्या बोटीला लागू पडणाऱ्या बघा: ओळखपत्र मालकाच्या ताब्यात, पगार अडवून ठेवलेला, न फिटणारं कर्ज, धमकी, बाहेर जायला मज्जाव, कबूल केलं एक आणि करून घेतलं दुसरंच. एखादी खूण दिसली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. पण तिथे थांबून आणखी विचारावं लागतं. २०२४ मध्ये कुटबण जेटीवर खलाशांमध्ये कॉलरा पसरला, काही जण दगावले, तेव्हा ही माणसं कशी राहतात ते सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. खराब राहणं म्हणजे लगेच वेठबिगारी नव्हे. पण आपला खलाशी साहेबांना दिसायला आधी आजारी पडावा लागला, हे आम्हाला खटकतं.

आता कायदा. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. त्यात साखळदंड लागत नाही, मारहाणही लागत नाही. अॅडव्हान्स दिला आणि त्याच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करायची किंवा कुठे जायची मोकळीक ठेवली नाही, की तो वेठबिगार. सुप्रीम कोर्टाने १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात तर किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी ठरवली. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर असते, घेणाऱ्यावर नाही. आणि ठरलं तर ते कर्ज तिथेच संपतं, वर तीन वर्षांपर्यंत कैद.

इथे बोटमालकांच्या कपाळाला आठी पडणार हे माहीत आहे. अॅडव्हान्स दिल्याशिवाय हंगामाला माणूस येत नाही, आणि पैसे घेऊन दुसऱ्याच बोटीवर गेलेल्यांनी आपल्यातल्या कित्येकांना बुडवलंय. ते दुखणं खरं आहे. पण अॅडव्हान्स देणं वेगळं आणि "फिटेपर्यंत जायचं नाही" म्हणणं वेगळं. पैसे वसूल करायला दुसरे मार्ग आहेत, माणूस अडवून ठेवणं हा मार्ग नाही.

आमचंही सांगतो. संस्थेच्या ऑफिसातल्या कपाटात खलाशांच्या आधार कार्डांचा एक गठ्ठा होता. भिजतात, हरवतात, म्हणून मालकांनी ठेवायला दिलेली. हेतू चांगला होता. पण घरी जायचं म्हणणाऱ्या पोराला कार्ड हवं तर आधी मालक, मग आम्ही, असे दोन दरवाजे ठोठवावे लागत होते. ती सगळी कार्डं आम्ही परत दिली. आता झेरॉक्स ठेवतो, आणि कार्डासाठी प्लास्टिकचं पाकीट देतो.

खूण दिसली तर साहेबाने करायचं काय? खलाशाला तांडेलापासून बाजूला घ्यायचं. त्याच्या भाषेत बोलायचं, आणि मुकादमाला दुभाष्या करायचं नाही, ही चूक सगळ्यात जास्त होते. प्रश्न साधे असावेत. कार्ड कुठे आहे? शेवटचा हिशोब कधी झाला? उद्या घरी जायचं म्हटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नावर माणूस गप्प झाला, तर ते गप्प होणंही लिहून घ्यावं.

मग पगाराचं भांडण समजून मालकाशी तडजोड करून द्यायची नाही, आणि तिकीट काढून गाडीत बसवूनही द्यायचं नाही. हे दुसरं दयाळूपणाचं वाटतं, पण त्यात खलाशाचं नुकसान आहे. प्रकरण जिल्हाधिकारी किंवा उपजिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवं, कारण मुक्तता प्रमाणपत्र तिथून मिळतं. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे, आणि तिच्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. पुढची मदत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, अतिगंभीर प्रकरणात ३ लाख. गाडीत बसवून दिलेल्याच्या हातात यातलं काही पडत नाही. वर्षभरात तो दुसऱ्या कुठल्या तरी जेटीवर, नवीन अॅडव्हान्स घेऊन.

याच कायद्यात जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्यात जेटीची माहिती असलेला एक तरी माणूस असावा, असं आमचं मत आहे.

मत्स्य खाते, किनारी पोलीस, मामलेदार कार्यालय आणि पंचायत सचिव यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण जेटीवरच घ्यावं, असा अर्ज संस्था देणार आहे. हॉलमध्ये नको, बोटींसमोर हवं. त्यासाठी मालकांकडून एक गोष्ट हवी आहे. आपल्या बोटीवरचे खलाशी कुठली भाषा बोलतात, ओडिया, नेपाळी, कन्नड, सादरी, जी असेल ती ऑफिसात येऊन लिहून द्या. नावं नकोत, फक्त भाषा आणि किती जण. दुभाषे किती लागतील ते त्यावरून ठरेल.